तेता योहानाची टाचणी

हॅरोज गॅप या आमच्या कोळशाच्या गावी बास्केटबॉल पिंजऱ्यात खेळला जायचा आणि पिंजऱ्याच्या बाहेर योहाना तेता बसायची. पाहुणे संघ रुळांवरच्या ट्रॉलीतून उतरले की तिकिटांतला वाटा, रात्रीचं जेवण, परतीची गाडी, यातलं काही आधी विचारत नसत. आधी विचारत, "ती बाई आली आहे का?"

ती बाई आलेलीच असायची. स्लोवाक हॉलचं दार उघडलं की आत पहिलं पाऊल तिचं. बास्केटखालचा डावा कोपरा, तिथलं पहिलं बाक, त्याचंही जाळीकडचं टोक. इतकी खेटून बसायची की घरी गेल्यावर गुडघ्यांवर तारेची नक्षी उमटलेली दिसे.

तेता म्हणजे मावशी, काकू, आत्या, काय म्हणाल ते. आमच्या स्लोवाक गल्लीत पन्नाशी ओलांडलेली कुठलीही बाई तेताच. पण शनिवारी संध्याकाळी कुणी पुढे नाव न लावता नुसतं 'तेता' म्हटलं, तर ते योहानाबद्दलच असायचं, आणि म्हणणारा बहुधा कळवळत असायचा.

कारण तेताच्या काळ्या टोपीत एक टाचणी होती. वीतभर लांब, पोलादी, वर हिरव्या काचेचा मणी. रविवारी चर्चमध्ये ती टाचणी टोपी सांभाळायची. शनिवारी हॉलमध्ये तिला दुसरी कामं असायची. चेंडू बाहेर जाऊ नये आणि माणसं आत घुसू नयेत म्हणून मैदानाभोवती तारेची जाळी लावलेली होती; टाचणीचा विचार जाळी लावणाऱ्याने केला नव्हता. पाहुण्यांचा एखादा गडी चेंडू घेऊन कोपऱ्यात आला, जाळीला टेकला, की तेताचा हात टोपीकडे जायचा. पुढचं काम क्षणाचं. गडी 'आई गं' करून हवेत, चेंडू आपल्या पोरांच्या हातात, आणि तेता प्रार्थनेला बसल्यासारखी मांडीवर हात ठेवून स्वस्थ.

कुणी म्हणेल, काय हा रानटीपणा. म्हणोत बापडे. वरच्या गॅलरीत खाणीतले लोक बसायचे, ते दिव्याच्या ज्योतीवर खिळे तापवून पाहुण्यांच्या अंगावर टाकायचे. त्या मानाने तेता म्हणजे सोज्ज्वळ बाई. शिवाय तिच्या कामाला रीत होती. कंबरेच्या वर कधी नाही, आपल्या पोरांना कधीच नाही, आणि एका माणसाला एका संध्याकाळी एकदाच. एकदा टोचलं की हिशेब मिटला, मनात काही ठेवायचं नाही, असं ती म्हणायची. ज्यांना टोचलं त्यांच्या मनात काय राहायचं हे तिने कधी विचारलं नाही.

ही रीत तिने मोडली ती फक्त इम्रो व्राबेलपायी.

इम्रो आपल्याच लोकांतला, नदीपलीकडच्या गावचा. बुटका, चपळ, हसरा. आता त्या काळी पैसे घेऊन खेळणारा गडी म्हणजे भाड्याचं घोडं. सोमवारी या गावचा, गुरुवारी त्या गावचा, जो बोलावेल त्याची जर्सी अंगात. लोक लग्नाला जागत नव्हते तिथे कराराला कोण जागणार? इम्रोच्या पिशवीत म्हणे एका वेळी चार-पाच रंगांच्या जर्सी असायच्या, आणि कुठल्या गावात उतरायचं हे त्याला कधी कधी ट्रॉलीत बसल्यावर आठवायचं.

फेब्रुवारीत तो टॅनर्सफोर्डकडून खेळायला आमच्याकडे आला. पहिल्याच डावात कोपऱ्यात सापडला आणि तेताने आपलं काम केलं. पण हा ओरडला नाही. वळला, जाळीतून तिच्याकडे बघून लवून नमस्कार केला आणि म्हणाला, "तेता, हाताला काय चव आहे तुमच्या."

आजूबाजूची बाकं हसली. तेताच्या अंगाचा तिळपापड झाला. आजवर तिच्या टाचणीला लोकांनी शिव्या दिल्या होत्या, शाप दिले होते, दाद कुणी दिली नव्हती. तिने त्याला आणखी दोनदा टोचलं. तरी त्याने शेवटच्या मिनिटाला बास्केट केली, टॅनर्सफोर्ड जिंकलं, आणि इम्रो परतीच्या ट्रॉलीत बसायला जागा असताना दांडी धरून उभा राहून गेला.

त्यामुळे हंगामाच्या शेवटी झालं काय, तर आम्ही आणि टॅनर्सफोर्ड बरोबरीत. निकाल लावणारा सामना शनिवारी, आमच्याच हॉलमध्ये. आणि गुरुवारी दुपारी पाल्को न्हावी तेताच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. पाल्को आमच्या संघाचा कारभारी होता. हातात टोपी धरून, चुलीकडे बघत, सासुरवाडीला आल्यासारखा उभा.

"तेता, एक चांगली बातमी आहे, आणि एक तुमच्यासाठीची."

"चांगली आधी सांग. हलुश्की घे थोड्या, कोबी घातलाय."

"शनिवारी इम्रो व्राबेल आपल्याकडून खेळतोय."

तेताच्या हातातला डाव थांबला. "तो वात्रट? तो तर त्यांचा आहे."

"गेल्या महिन्यात त्यांचा होता. आता आपला आहे. शनिवारपुरता."

"बरं. आणि दुसरी?"

पाल्कोने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्याची अट आहे. पहिल्या बाकावर तुम्ही नको. वर गॅलरीत बसायचं."

तेताने झाकण पातेल्यावर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाली, "गॅलरीत बायकांच्या बाजूला नाचाला आलेल्या पोरी बसतात. खेळ कधी संपतो आणि बँड कधी वाजतो याची वाट बघत. मी काय नाचायला येते का रे?"

"नाही तेता."

"मग मला तिथे काय बसवतोस? घरीच बस म्हण. मर म्हण."

हे ती रागाने म्हणाली, पण रागापेक्षा भीती जास्त होती. तिच्या घरी खाणीतले सहा भाडेकरू राहायला-जेवायला होते. सोमवार ते शुक्रवार ती त्यांचे कोळशाने माखलेले कपडे उकळायची, त्यांचे डबे भरायची, त्यांच्या पाठीसाठी पाणी तापवायची, आणि ते तिच्याशी बोलायचे ते 'मीठ द्या' एवढंच. नवरा खाणीत दगावला त्या वर्षी ती महिनेच्या महिने हसली नव्हती. शेजारणीने ओढून हॉलमध्ये नेलं, त्या बाकावर बसवलं, आणि बेथेल गावचा एक लठ्ठ गडी तिच्या पुढ्यात येऊन जाळीला टेकला. हात आपोआप टोपीकडे गेला. तो जो उडाला, तो बघून तेता इतकी हसली की शेजारणीला वाटलं हिला काही झालं. त्या दिवसापासून ते बाक तिचं होतं. आठवड्यातून एकदा, दीड तास, सबंध गावाला ती आहे हे ठाऊक असायचं. ते गेलं तर उरलं काय? कपडे.

पाल्कोला हे सगळं कळत नव्हतं असं नाही. तो वाईट माणूस नव्हता. "हे बघा," तो म्हणाला, "मी त्याच्याशी बोललो आहे. तुम्ही त्याला हात लावणार नाही असा शब्द दिलात तर बसा बाकावर. पण त्याला टोचलंत, तर बाक गेलं. कायमचं. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"बाकीच्यांना?"

"बाकीच्यांचं मी काही बोललोय का?"

तेताने छातीवर क्रूस केला. "दिला शब्द. पण त्या माकडाला सांग, माझ्या कोपऱ्यात फार नाचू नकोस म्हणावं. माझ्या हाताला जुन्या सवयी आहेत."

शनिवारी हॉल असा भरला की खिडक्यांवर आतून पाणी ओघळायला लागलं. पहिल्या डावात टॅनर्सफोर्ड तेताच्या बाजूच्या बास्केटवर चाल करत होतं, म्हणजे पाहुणे थेट तिच्या दारात. ती खुशीत आली. त्यांचा मधला गडी केसलर, ताडमाड उंच, दाराच्या चौकटीला डोकं आपटेल असा. चेंडू घेऊन तो कोपऱ्यात आला, वळला, जाळीला टेकला. तेताने टाचणी काढली, नेम धरला आणि खुपसली.

काही झालं नाही.

टाचणी अर्ध्यावर अडकली. केसलर सावकाश वळला, खाली वाकला आणि तिला डोळा मारला. टॅनर्सफोर्डच्या बायकांनी पाचही जणांच्या पँटींना मागून गोणपाटाचे जाड थर शिवून दिले होते. पाहुण्यांची बसायची जागा पाहावी तर गादीच. तेताने तरी धीर सोडला नाही, आणखी दोघांना टोचून पाहिलं. दोघांनी वळून हात हलवला. एकाने तर "पुन्हा, तेता, जरा उजवीकडे खाजतंय," असंही म्हटलं.

गॅलरी हसली. आपलीच गॅलरी, आपल्याच तेताला. तिचे कान लाल झाले. शेजारी बसलेली मार्गिता तिच्या कानाशी लागली, "जाऊ दे गं, म्हातारी झालीस आता." हीच ती शेजारीण, जिने तिला पहिल्यांदा इथे आणलं होतं, म्हणून तेताने तिला जिवंत सोडलं.

दुसऱ्या डावात बाजू बदलल्या. आता आपली पोरं तेताच्या बास्केटवर चाल करत होती, आणि इम्रो तिच्या कोपऱ्यात ये-जा करत होता. त्याच्या पँटीला गोणपाट नव्हतं. तेताने शब्द दिल्यावर त्याला त्याची गरज वाटली नव्हती. तो तिच्यापुढे येऊन टेकायचा, आणि त्याची पातळ सुती पँट तिच्या डोळ्यांपुढे वीतभरावर यायची. तेता दोन्ही हातांवर बसली. हो, अक्षरशः. दोन्ही तळवे बाकावर ठेवले आणि त्यांच्यावर बसून राहिली. उपवासाच्या दिवशी कुणी नाकाशी खसखशीची पोळी धरावी तसले हाल.

आणि खेळ तरी काय चालला होता. माणसं तारेवर आपटत होती, जाळी झांजेसारखी वाजत होती, इम्रोचा कोपर फुटला, केसलरचं नाक. प्रत्येक बास्केटनंतर पंच मध्यावर जाऊन चेंडू वर उडवायचा, दोन मधले गडी उडी मारायचे, आणि केसलर दर वेळी तो हातभर वरून टोलवायचा. त्याच्यापुढे आपला मधला पोरगा म्हणजे शिडीपुढे तिपाई. तरी आपण एकाच गुणाने मागे होतो.

शेवटचं मिनिट. इम्रो चेंडू घेऊन कोपऱ्यात घुसला. केसलर त्याच्यावर पहाडासारखा कोसळला, त्याला जाळीशी चेपलं, दोघांच्या चार हातांत एक चेंडू. पंचाने शिट्टी मारली. दोघांत उडी, इथेच.

इथेच म्हणजे तेताच्या नाकासमोर. उंचपुरा केसलर आणि त्याच्या बगलेखालून निघून जाईल असा इम्रो. केसलरने चेंडू टोलवला की वेळ संपला, हंगाम संपला. पंच चेंडू पुसत होता. हॉलमध्ये चिडीचूप.

इम्रोची पाठ जाळीला होती. तो न वळता म्हणाला, "तेता."

"काय रे?"

"आहे ना जवळ?"

तेताला कळलं. "मी शब्द दिलाय."

"माझ्यासाठीच दिलाय ना? मग मीच सांगतो, टोचा."

"पाल्कोला दिलाय. माझं बाक जाईल."

"तेता, मी एवढा उंच नाही हो," इम्रो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

तेताने जाळीतून पलीकडे पाहिलं. पाल्को समोरच्या बाजूला उभा, दोन्ही हातांनी तार धरून, आणि त्याचे डोळे तिच्यावरच. त्याला काय चाललंय ते दिसत होतं. तिने बाकाच्या कडेवरून हात फिरवला. घासून घासून ती कड गुळगुळीत झाली होती. मग तिने गॅलरीकडे पाहिलं, मघाशी हसलेल्या. सगळे श्वास रोखून वाकले होते. ही आपली माणसं, आणि आता हरणार. हे तिला सहन होईना. बाक गेलं तर गेलं. हात टोपीकडे गेला.

पंचाने चेंडू वर उडवला आणि तेताने टोचलं.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये असलेली माणसं इम्रोच्या उडीबद्दल पुढे अनेक वर्षं खोटं बोलत आली. कुणी म्हणतं त्याचे गुडघे केसलरच्या खांद्याला लागले, कुणी म्हणतं तो वरून खाली यायलाच तयार नव्हता. खरं एवढंच, की केसलरचा हात वर जाईपर्यंत चेंडू तिथे नव्हता. इम्रोने तो बोंबलत, पाय झाडत, बास्केटखाली उभ्या असलेल्या आपल्या पोराकडे टोलवला. पोराने तो आत घातला. शिट्टी झाली. मग सहाशे माणसं एकदम वेडी झाली. मार्गिताने तेताला मिठी मारली, तेताने मार्गिताला, आणि कुणीतरी दोघींना.

हे सगळं ओसरलं, जाळी गुंडाळून छताकडे ओढली गेली, पोरं फरशीवर नाचासाठी पावडर भुरभुरवायला लागली, तेव्हा पाल्को बाकापाशी आला. आनंदाने त्याच्या मिशा ओल्या होत्या आणि चेहरा पडलेला होता.

"तेता, टोचलंत."

"टोचलं."

"सगळ्या गावाने पाहिलं."

"गावाने पाहावं म्हणूनच तर इथे बसते."

"मला वाईट वाटतंय हो," पाल्को म्हणाला. "पण या धंद्यात कागदाला कुणी विचारत नाही. माझ्याकडे आहे काय, तर एक जीभ. आज ती फिरवली तर उद्या कुठला गडी माझ्या बोलण्यावर गावात पाय टाकेल?"

तेताने वाद घातला नाही. ती स्वतः शब्दाची बाई होती. तिने टोपी नीट केली, टाचणी खोचली आणि गॅलरीचा जिना चढायला लागली. वर नाचाला आलेल्या पोरींनी आदराने सरकून तिला जागा दिली. तो आदर बघून तिला रडू फुटलं. जिंकल्याचा आनंद तर होताच, पोटभर होता, पण त्याच्याखाली इतकं दुखत होतं की तिला हसू येत होतं की रडू, हेच कळेना.

खाली पाल्को इम्रोच्या मागे मागे फिरत होता. इम्रो एका जागी ठरत नव्हता. त्याला बसायची सोय राहिली नव्हती. शेवटी दोघे बोलत बोलत जिना चढून वरच आले.

"सबंध पुढचा हंगाम," पाल्को म्हणत होता. "एकाच गावासाठी. तू बोलशील ते."

"मला आजवर सगळ्यांनी बांधायला पाहिलंय," इम्रो म्हणाला. "टॅनर्सफोर्डने नोकरी देऊ केली. बेथेलने घर. एकाने तर मेव्हणी देऊ केली."

"मग तू?"

"पळालो. पण इथे राहीन. अट एकच. तेता त्या बाकावर पाहिजे."

पाल्को थांबला. "अरे, ती नको ही तुझीच अट होती."

"तेव्हा मी पाहुणा होतो. आता जरा डोकं चालव. मी कुठल्याही गावचा झालो तरी वर्षातून चारदा या हॉलमध्ये यावंच लागणार. परकी जर्सी घालून या बाईपुढे उभं राहायचं? मी गोणपाट घालून पळू शकत नाही. त्यापेक्षा इथलाच होतो. या खोऱ्यात सुरक्षित जागा एकच आहे, आणि ती म्हणजे हिची बाजू."

"आणि माझा शब्द?" पाल्को म्हणाला.

"तू कुणाला दिला होतास?"

"तुला."

"मग मी तो परत करतो. घे."

पाल्कोने थोडा विचार केला. मग त्याने तेतासमोर लहानपणी चर्चमध्ये वाकायचा तसा गुडघा वाकवला आणि खाली पळाला, बहुधा इम्रोचं मन बदलायच्या आत कागद आणायला.

तेता डोळे पुसत होती आणि ते कुणाला दिसू नये म्हणून पोरींवर डाफरत होती. खाली बँडने पोल्का सुरू केला.

"चला," इम्रो म्हणाला.

"कुठे? मी नाचायला येत नाही."

"मला बसता येत नाही, तुमच्या कृपेने. सबंध संध्याकाळ उभा राहू का खांबासारखा?"

हे मात्र खरं होतं. तेता उठली. लोकांनी वाट करून दिली. पहिल्या फेरीत तिचे पाय अडखळले, दुसऱ्या फेरीत आठवले, तिसऱ्या फेरीत टोपी कलली आणि तिने ती कलू दिली. गॅलरी टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, आपलं वय कुणीतरी दारातच काढून ठेवलंय.

नाचता नाचता तिने, आयुष्यात पहिल्यांदाच, टोचलेल्या माणसाला विचारलं, "फार लागलं का रे?"

"फार, तेता," इम्रो म्हणाला. "फेब्रुवारीतल्या तिन्ही वेळांहून जास्त."

"काहीतरीच," तेता म्हणाली. "तू आपला, म्हणून आज हात आखडता घेतला होता."

इम्रोचा पाय चुकला.